शिरड शहापूरची चैत्रगौर आणि माझा कैलास

गेल्या फाल्गुनात मला वाटू लागलं की माझ्या चित्रकलेला खेड्यातली मोकळी हवा हवी आहे. परभणीत ती काही केल्या बहरत नव्हती. दोष हवेचाच असणार, माझा कसा असेल? रंगपेटी लढाईच्या आधी मुंबईहून इंग्रजी कलदार रुपये मोजून मागवलेली, कुंचले चांगले, शिकवणी एका मासिकातल्या धड्यांवरून पूर्ण केलेली. तरी मी काढलेल्या गाईला आमची मोलकरीण शेळी म्हणायची, आणि तीही विचार करून.

त्याच सुमारास वन्संचा निरोप आला. वन्सं म्हणजे आमच्या वकीलसाहेबांच्या थोरल्या भगिनी, शिरड शहापूरला दिलेल्या. त्यांची लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात हात कमी, पाडव्याच्या आधी ये आणि महिनाभर राहा, असा निरोप. मला त्यातलं 'महिनाभर राहा' एवढंच ऐकू आलं. डोळ्यांसमोर पळस, मोर, आंब्याचा मोहोर आणि त्या सगळ्यासमोर तिपाईवर बसलेली मी. घरात हात कमी आहेत म्हणून मला बोलावलंय, हे तिथं पोचल्यावर चुलीपुढं कळलं.

लढाईमुळं कोरा कागद दृष्टीला पडत नाही. तेव्हा वकीलसाहेबांनी निकाली खटल्यांच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या स्वाधीन केला. "यावर काय हवं ते कर," म्हणाले, "नाहीतरी आत सगळं खोटंच लिहिलंय." त्यामुळं माझ्या प्रत्येक निसर्गचित्राच्या मागं कुणाचं ना कुणाचं भांडण आहे. थोरला माधव आणि धाकटा, दोन्ही मुलगे शिकायला हैदराबादेत, यांचं जेवण शेजारच्या काकूंकडं ठरलं आणि मी निघाले.

ज्यांना या बाजूला यायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. परभणीहून पूर्णेला यायचं आणि तिथं हिंगोलीची गाडी धरायची. पूर्णेला गाडी कधी सुटेल ते स्टेशन मास्तरलाही पक्कं माहीत नसतं, म्हणून सुरई आणि भाकरी जवळ ठेवा. माझ्या बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती जनाना डब्यातल्या एका म्हातारीनं अर्धी संपवली आणि वर तिखट कमी आहे असं सांगितलं. वसमतला उतरलं की हळद शिजवल्याचा वास नाकात शिरतो, त्यावरून ठिकाण ओळखायचं. पुढं बैलगाडी. भाड्याची हवी असेल तर आधी ठरवून घ्या आणि पैसे निजामाच्या हाली शिक्क्यात द्या, कलदार दाखवलात तर भाव लगेच वाढतो. मला न्यायला घरचीच गाडी आली होती, हाकायला संभा.

वाटेत पळस अजून फुललेला होता. एका ठिकाणी तर अख्खी टेकडी केशरी. मी संभाला गाडी थांबवायला सांगितली.

"काहून? काई पडलं का बाई?"

"पडलं नाही. त्या पळसाचं चित्र करायचंय."

"ह्याचं?" संभानं पळसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्याचं काय चित्र करता? त्यो तर हितंच उभा ऱ्हातो, सालोसाल. पुन्यांदा या अन् पाहून घ्या."

तरी बिचारा थांबला. बैल सोडून लिंबाखाली बसला. मी रंग कालवले, आणि एवढं केशरी करण्याच्या नादात पेटीतला तांबडा अर्धा संपवला. चित्र पाहून संभानं विचारलं, "हे गंजीला लागलेली आग हाय का?" मी व्हय म्हटलं. वाद घालायला ऊन फार होतं.

पुढं ज्वारी काढलेल्या रानात काळविटांचा कळप दिसला. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून! मी कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं, मान वर केली, तर समोर नुसती धूळ. ती धूळ मला बऱ्यापैकी जमली. पुढच्याला माझा सल्ला एवढाच की अशा वेळी कागद काढू नका, बघून घ्या. संभानं गाडीत बसल्या बसल्या माझ्यापेक्षा जास्त पाहिलं.

शिरडला पोचलो तेव्हा वन्सं ओसरीत उभ्या होत्या. वन्सं उंच, करारी, आणि रीतीभातीला इतक्या पक्क्या की गावातल्या बायका पंचांगाआधी त्यांना विचारतात. त्यांचे यजमान, सगळ्या घराचे अप्पा, अगदी उलट. गरीब माणूस. काही अवघड बोलायची वेळ आली की पानाचा डबा उघडतात. वत्सला सतरा-अठराची, पोट पुढं आलेलं, चेहरा उतरलेला, पण मला पाहून अशी हसली की प्रवासाचा शीण गेला. "मामी, चित्रं आणलीत का? आधी दाखवा." मी दाखवली. "धूळ छान आहे," म्हणाली.

पाडवा झाला. येसराची आमटी, पुरण, कडुलिंबाची चटणी, सगळं यथासांग. आणि तृतीयेला गौर बसली. आमच्याकडं चैत्रातली ही गौर म्हणजे माहेरपणाला आलेली लेक. महिनाभर राहते, तिचे लाड करायचे, झोपाळ्यावर बसवायचं, बायकांना बोलावून हळदीकुंकू करायचं, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, आणि वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला तिची सासरी पाठवणी करायची. वन्संकडची गौर लहानशी, पितळेची, पितळेच्याच मखरात झोपाळ्यावर बसलेली. तिला ओसरीच्या कोपऱ्यात चौरंगावर ठेवलं.

अंगणात चैत्रांगण घालायचं काम मी मागून घेतलं. गौरीचं पाऊल, कासव, नाग, गाय-वासरू, हत्ती, तुळस, सगळी चिन्हं रांगोळीनं रेखायची. मी मासिकातल्या धड्याप्रमाणं हत्तीला छाया-प्रकाश दिला. वन्सं पाणी घेऊन जाता जाता थांबल्या, बोटानं हत्ती पुसला, दुसरा काढला आणि पुढं गेल्या. एक शब्द नाही! हत्ती गेलाच होता, पण माझी मान आणखी खाली गेली.

म्हणून मी ठरवलं की आरास अशी करायची की गावानं बघत राहावं. गौरीच्या मागं कैलास पर्वत! परड्यातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आणल्या, त्या एकमेकींत गुंतवल्या, मधे वाळकं गवत खोचलं, वर बर्फ म्हणून घरच्या सरकीचा कापूस. पळसाची फुलं उकळून केशरी पाणी केलं आणि संध्याप्रकाश म्हणून शिंपडलं. पर्वत सारखा पुढं कलत होता, तेव्हा मी तो सुतळीनं मखराला चहू बाजूंनी घट्ट बांधून टाकला. अशी बांधणी की मखर हललं तर पर्वत कोसळावा आणि पर्वत हलला तर मखर. त्या वेळी मला हे माझं कौशल्य वाटलं होतं.

वन्संनी पाहिलं आणि विचारलं, "हे काय करून ठेवलंस?"

"कैलास."

"बरं," म्हणाल्या, आणि गौरीच्या पायाशी पडलेली गवताची काडी उचलून टाकली.

बांगड्या भरायला येणारी अमीनाबी जास्त मोकळी. गावात पिढ्यान् पिढ्या तिच्या घरच्याच बायका बांगड्या भरतात, त्यामुळं तिला बोलायला कुणाची चोरी नाही. टोपली उतरवून तिनं कंबरेवर हात ठेवले. "ये क्या है, बाई? कडब्याची गंजी?"

"कैलास पर्वत आहे, अमीनाबी."

"अच्छा, अच्छा. पन बैलां कू नक्को दिखाव."

वत्सला इतकी हसली, इतकी हसली की पोट धरून खाली बसली. "पुरे करा, मी इथंच बाळंत होईन!" मला राग आला होता, पण तिला तसं हसताना पाहून तो टिकला नाही. सासरी पहिलं वर्ष तिनं कसं काढलं होतं ते तिच्या हातांवरच्या पोळलेल्या डागांवरून मी ओळखलं होतं. ती सांगत नव्हती, मी विचारत नव्हते.

चित्रकलेत आणि आराशीत हात दाखवून झाल्यावर मी बागेकडं वळले. न्हाणीघराच्या मागं वन्संची परसबाग. मोगरा भरात होता, अळू, कर्दळ, गवती चहा, शेवग्याच्या शेंगा लोंबत होत्या. एका वाफ्यात बारीक केसांसारखं गवत माजलेलं दिसलं. मी पदर खोचून सकाळभर बसले आणि वाफा स्वच्छ केला, एक काडी ठेवली नाही. वन्सं आल्या. वाफ्याकडं पाहून तिथंच पायरीवर बसल्या.

"तो शेपू होता गं," म्हणाल्या. "वच्छीसाठी पेरला होता. बाळंतिणीला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुन्हा बी पेरलं, दोन्ही वेळा घागरीनं पाणी घातलं, उगवेपर्यंत रोज जाऊन मातीकडं बघत बसले. या काळात माझ्या हातून एकही चित्र झालं नाही आणि वसंत ऋतूचं काही बिघडलं नाही. कोकीळ ओरडत होता, परड्यातल्या चिंचेवर धनेशाची जोडी येत होती, आणि पलीकडच्या ओढ्यात रोज सकाळी मोर उतरायचे. मोरांसाठी मात्र जरूर लवकर उठा. ऊन चढलं की ते जाळीत शिरतात, मग नुसता आवाज ऐकून समाधान मानावं लागतं.

हनुमान जयंतीच्या आसपास वत्सलाचं पोट दुखू लागलं. फार अवघड गेलं. सुईण एकदा बाहेर येऊन नुसती पाणी प्यायली आणि परत आत गेली, तेव्हा अप्पा पानाचा डबाही उघडायला विसरले. अखेर मुलगी झाली. एवढीशी. रडली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये इतका बारीक आवाज. वत्सलाला ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. आम्ही सगळ्या त्या खोलीतच अडकलो. त्यात सोयर, म्हणून गौरीची पूजाही वन्संची शेजारीण येऊन करून जायची. ओसरीतल्या कोपऱ्याकडं आमच्यापैकी कुणी फिरकलं नाही.

ताप उतरला त्या सकाळी मी बाहेर येऊन श्वास घेतला, आणि पाहते तर माझ्या कैलासावर बुलबुल! डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली कुंकवाचा लालभडक ठिपका. बाई गं, कुंकू लावायची ही काय जागा! तिनं गौरीच्या मुकुटाच्या मागं, पऱ्हाट्यांच्या बेचक्यात, माझंच गवत आणि माझाच कापूस घेऊन वाटीएवढं घरटं केलं होतं. नर दारावरच्या कौलावर बसून मला दम देत होता.

खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत माझ्या कलेचा उपयोग झालेला हा पहिला प्राणी.

वन्संना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "काढ ते. गौरीच्या डोक्यावर घाण करील."

"अहो, अंडी घातलीत तिनं."

वन्सं पुढं झाल्या, टाचा उंचावून पाहिलं. बुलबुल जागची हलली नाही, चोच उघडून बसून राहिली. "राहू दे मग अक्षय्य तृतीयेपर्यंत," वन्सं म्हणाल्या. "पण त्या दिवशी गौर जाणार म्हणजे जाणार. मी या घरात आल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. पाखराला सांगून ठेव."

मी खरंच सांगितलं. तिनं ऐकलेलं दिसलं नाही.

मग माझा उद्योग ठरला. सकाळी घरची कामं, दुपारी ओसरीत बसून बुलबुलाची चित्रं. वत्सलाला बाजेवरून उठायची बंदी, म्हणून मी तिला चित्रं नेऊन दाखवायची आणि बातम्या सांगायची. आज नरानं लिंबोणीवरची अळी आणली, आज ती जरा उडून पाणी पिऊन आली. बुलबुलाच्या पहिल्या चित्राला वत्सला कावळा म्हणाली, दुसऱ्याला कोंबडी, तिसऱ्याला बराच वेळ बघून म्हणाली, "मामी, ही वन्संसारखी दिसते." वन्सं म्हणजे तिची आई, मी हाक मारते तशीच ती मला चिडवायला म्हणायची. तिच्या गालाला रंग येत होता. शेपूही उगवला होता, पहिली भाजी मी स्वतः परतून तिला वाढली. बाळ मात्र अजून हातात घ्यायची भीती वाटावी असंच होतं. सव्वा महिना तरी हिला हलवू नका, सुईणीनं बजावलं होतं. त्याला अजून अवकाश होता.

सोयर फिटल्यावर हळदीकुंकू झालं. कैरीची डाळ संपली, पन्हं दोनदा करावं लागलं. बायका ओटी घेऊन गौरीपुढं वाकायच्या आणि वर बघून हसायच्या. कैलासाबद्दल कुणी विचारलं नाही, सगळ्या बुलबुलालाच पाहत होत्या.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी वन्सं न्हाऊन पूजेला बसायच्या तयारीत, आणि दारात गाडी थांबली. वत्सलाचे सासरे, नानासाहेब, जवळा बाजारहून आले होते. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, आवाज गावाला ऐकू जाईल असा. माणूस वाईट नाही. पण मुलाकडचे, आणि ते त्यांच्या बसण्यातच दिसत होतं. पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, वैशाखातच. घरात माणसं येऊ लागली होती, सासूबाईंचा पाय मुरगळलेला, करायला कुणी नाही.

"आज दिवस चांगला आहे," म्हणाले. "सूनबाईला घेऊन जातो. ऊन कलंडलं की निघू."

अप्पांनी पानाचा डबा उघडला. "लेकरू लहान आहे अजून, नानासाहेब," एवढंच म्हणाले, तेही डब्यात बघून.

"आमच्याकडं काय लेकरं मोठीच जन्मतात? गाडीत गादी घातली आहे."

अप्पा चुना लावू लागले. मला त्यांचा इतका राग आला! पण ते तरी काय करणार, मुलीचा बाप. व्याही दारात येऊन मुलगी मागतो तेव्हा नाही म्हणायला आपल्याकडं बापाला शब्दच दिलेला नाही. मी आत गेले. वत्सला बाजेवरून उतरली होती. पाय थरथरत होते, तरी ट्रंक उघडून बसली होती.

"मामी, दोरीवरची दुपटी वाळली असतील का?" तिनं विचारलं. रडत नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वैशाखातलं ते ऊन, तो गाडीरस्ता, आणि पुढं लग्नघराची चूल. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. मी दुपटी आणायला म्हणून बाहेर आले आणि ओसरीत तशीच उभी राहिले.

वन्सं गौरीपुढं उभ्या होत्या, हातात अक्षता. या अक्षता वाहायच्या, मखर जरासं हलवायचं, की गौर सासरी गेली. त्यांनी हात पुढं केला. बुलबुल उडाली आणि घरट्यातून तीन चोची वर आल्या. आदल्याच दिवशी फुटलेली पिल्लं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, मान लटपटतेय, आणि तोंडं एवढी मोठी उघडलेली. वन्सं पाहत राहिल्या. माझ्या सुतळ्यांकडंही त्यांची नजर गेली. मखर हललं असतं तर सगळा पर्वत खाली येणार होता.

त्यांनी अक्षता परत वाटीत टाकल्या.

"नानासाहेब," वन्संनी डोक्यावरचा पदर सावरला, "गौर आज जात नाही."

नानासाहेबांना काही कळेना. "म्हणजे? आज अक्षय्य तृतीया ना?"

"व्हय. पण बाळंतीण आहे तिच्या मांडवात. या, बघा."

नानासाहेब उठून आले. वाकून पाहिलं. बुलबुल चोचीत काहीतरी घेऊन परत आली होती, ते एका पिल्लाच्या घशात कोंबून आमच्याकडं बघत बसली.

"बाळंतिणीचं अंथरूण मी काढणार नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि गौर माहेरी आहे तोवर या घरातून लेकीची पाठवणी होत नाही. आमच्यात तशी रीत आहे."

ही रीत मी त्या क्षणापर्यंत ऐकली नव्हती. अप्पांनीही नसावी, कारण ते चुन्याचं बोट हवेत धरून बायकोकडं बघत होते. मग त्यांनी डबा खाली ठेवला. "हो," म्हणाले, "आहे तशी रीत. जुनी आहे." लग्न झाल्यापासून अप्पांनी बोललेलं हे सगळ्यात मोठं खोटं असेल, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"शास्त्रात बसतं का हे, विहीणबाई?" नानासाहेबांचा आवाज आता जरा खाली आला होता.

"न बसलं तर दोष माझा. गौरीला मी सांगेन."

पायरीवर त्यांचाच गाडीवान बसला होता, म्हातारा. तो सगळं ऐकत होता. "मालक," तो म्हणाला, "बराबर बोलून राहिल्या बाई. बाळंतिनीला उठवत न्हाईत. पाखरू असलं म्हून काय झालं."

नानासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बैलांकडं निघून गेला. पण शब्द पडून गेला होता. ते पुन्हा घरट्याकडं वळले. बराच वेळ मिशीवर हात फिरवत उभे होते.

"कधी उडतील?"

"पंख फुटले की," वन्सं म्हणाल्या.

"हं. नातीला आणा जरा बाहेर."

मी बाळाला दुपट्यात गुंडाळून आणलं. त्यांनी हातात घेतलं नाही, बहुतेक धीर झाला नाही. एक बोट पुढं केलं, ते तिच्या मुठीला लावलं. "फार लहान आहे हो," म्हणाले, जणू आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. मग पन्हं मागितलं, दोन पेले प्याले. "पंख फुटले की कळवा," एवढं बोलून, जेवायला न थांबता, रिकामी गाडी घेऊन गेले. जाताना माझ्या कैलासाकडं बोट करून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"पाखराला बरं सापडलं," म्हणाले. मला तेवढी दाद पुरली.

गाडी वळणाआड गेली आणि वन्सं मटकन खाली बसल्या. "चुकलं का गं माझं?" त्यांनी मला विचारलं. मला! हत्ती पुसला तेव्हा मला काही न विचारणाऱ्या बाईनं. मी नाही म्हटलं, आणि मग आम्ही दोघी रडलो. आतून वत्सला विचारत होती, "दुपटी आणली का मामी?" मी सांगितलं, राहू दे दोरीवर.

पिल्लांना पिसं फुटली, मग ती मखरावर येऊन बसू लागली, आणि एके सकाळी ओसरीतून थेट मोगऱ्यावर गेली. तोवर मी तिथंच होते, परभणीहून दोनदा बोलावणं येऊनही. वन्संनी रिकामं घरटं हातानं सोडवून शेवग्याच्या फांदीत ठेवलं, माझ्या सुतळ्या विळ्यानं कापल्या आणि गौरीची पाठवणी केली. अक्षता वाहताना बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. जवळा बाजारला कळवायचं मात्र त्यांना पुढं बरेच दिवस सुचलंच नाही. तिकडचं लग्न पार पडलं. नानासाहेबांनी बाळंतिणीसाठी म्हणून लाडवांचा डबा धाडला, त्यातले निम्मे अप्पांनी खाल्ले. मी निघाले तेव्हा वत्सला अंगणात उन्हाच्या तिरिपेत लेकीला तेल लावत होती, आणि लेक गाव गोळा होईल इतकी रडत होती.

येताना तोच रस्ता, पण पळस आता नुसता पानांचा. उन्हाळ्यात परतायचं असेल तर पहाटेच निघा, कांदा जवळ ठेवा, आणि पूर्णेला सावलीतलं बाकडं मिळालं तर सोडू नका. संभानं वसमतपर्यंत आणून सोडलं. "पुन्यांदा या बाई," म्हणाला. "त्यो पळस हाये तिथंच हाय."

घरी आल्यावर संध्याकाळी गच्चीवर वकीलसाहेबांनी माझा गठ्ठा उलगडला. एकेक चित्र उजेडात धरून पाहिलं. बऱ्याचदा उलटी बाजू वाचत होते, ते मला दिसत होतं. "ही घार का?" बुलबुल, मी म्हटलं. मग मी त्यांना अक्षय्य तृतीयेची सगळी हकीगत सांगितली. त्यांच्या अक्कानं, म्हणजे वन्संनी, उभ्या उभ्या रीत तयार केली आणि अप्पांनी साक्ष दिली, हे ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्याकडं अशील म्हणून पाठव तिला, म्हणाले.

मग हसणं थांबलं. चष्मा हातातच राहिला.

"आपल्या माधवच्या वेळी," ते म्हणाले, "मीच आलो होतो ना तुला न्यायला? केवढा होता गं तो तेव्हा?"

"तुमच्या टोपीत मावला असता."

खाली रस्त्यावरून टांगा गेला.

"तुझी आई तर काही म्हणाली नव्हती."

"नाही म्हणाली," मी चित्रं गोळा करत म्हटलं. "आमच्याकडं त्या वर्षी गौर वेळेवर गेली होती."